सात नंबरचा पंप

कारखान्याच्या चाचणी विभागात सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी. टेबलावर सलाइनचे बारा पंप ओळीने मांडलेले, दारात टेम्पो उभा, आणि ती सातव्यापाशी चौथ्यांदा.

"ताई, दृष्ट लागेल त्याला," पॅकिंगवाले काका म्हणाले. "द्या इकडे, खोक्यात घालतो."

"थांबा हो काका. हा काहीतरी लपवतोय."

पंपाच्या पोटातला छोटा कॉम्प्युटर थेंब मोजायचा. त्याची मेमरी चुकली, की आपली चूक आपणच सुधारायची. ती चूक स्क्रीनवर कळवणारा छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, मात्र बंद असे. आज सहज म्हणून तिने तो बाराही पंपांत चालू केला. अकरा गप्प राहिले. सातवा बोलू लागला. चुकलं, सुधारलं. चुकलं, सुधारलं. त्याच एका जागी. आधी तासाला नऊदा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत साठदा. फाटलं की टाका, फाटलं की टाका, आणि वरून साडी नवीकोरी.

आईचा फोन आला.

"आई, गुडघा कसाय गं?"

"मला काय धाड भरलीय? तू जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. ड्रायव्हर बंद कोणी केला, हे ती जुन्या नोंदींत शोधत होती. सापडलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख, कारण: 'स्क्रीन भरून जाते, चाचणी वाचता येत नाही.' खाली तिचंच नाव.

त्यानंतर चाळीस पंप बाहेर गेले होते.

तिने जाऊन सांगितलं, तसे साहेब वैतागले. "आपोआप सुधारतंय ना? मग बोंब कशाला? बंद करा ते, बारा पाठवा."

"एक चूक सुधारते, साहेब. दोन एकदम झाल्या तर नाही. मग थेंब मोजायचे कोणी?"

"अहो, चाचणीत पास झालाय तो!"

"झाला. कारण त्याचं तोंड मी बांधलं होतं." तिने जुनी नोंद पुढे सरकवली. "आधीच्या चाळिसांचंही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुसतच राहिले.

"चाळीस?"

"चाळीस."

"यादी काढा. पहिला फोन तुम्ही करायचा."

टेम्पो अकरा खोकी घेऊन गेला. तिने यादीतल्या पहिल्या हॉस्पिटलचा नंबर फिरवला. बोटं थांबत नव्हती, टेबलावर ताल धरून होती.

"तुमचा पंप? छान चालतोय की," पलीकडची नर्स म्हणाली. "काहीच तक्रार नाही."

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणूनच फोन केला."