पंधरा सेकंदांच्या आत

एक आरामखुर्ची, एक मंद दिवा, भावाच्या डोक्याला आणि गालांना चिकटवलेल्या नऊ तारा, आणि मध्ये एक काच. काचेच्या अलीकडे ताई आणि पडद्यावर नजर ठेवून बसलेली तंत्रज्ञ मुलगी.

भाऊ क्रेन चालवायचा. मागे एकदा केबिनमध्ये त्याला डुलकी लागली आणि लोंबकळती तुळई खालच्या माणसांच्या डोक्यांवरून हातभर अंतरानं गेली. तेव्हापासून परवाना जप्त. तो परत हवा, तर दिवसात चार वेळा चाळीस मिनिटं अंधूक उजेडात नुसतं बसून जागं राहायचं. चिमटे काढायचे नाहीत, गुणगुणायचं नाही. तीन फेऱ्या पार पडल्या होत्या. ही शेवटची, दुपारी तीनची.

"काल झोप नीट झाली ना यांची?" मुलीनं विचारलं.

"तर! परीक्षा म्हणून नऊलाच आडवा केला. पाचला उठवून बसवला."

"एरवी कधी झोपतात?"

"बाराला. जन्माचं घुबड ते."

मुलीनं कपाळाला हात लावला. "अहो ताई, नऊला त्यांचं शरीर झोपायला तयारच नसणार. बारापर्यंत कूस बदलत पडले असतील. आणि पहाटेची स्वप्नांची झोप तुम्हीच कापलीत. त्यात ही वेळ अशी, की चांगल्या झोपलेल्या माणसालाही पेंग येते."

ताई काचेला नाक लावून भावाकडे बघू लागली.

पडद्यावर भावाच्या मेंदूच्या लहरींची, रेघारेघांची तीस-तीस सेकंदांची पानं सरकत होती. एका पानात पंधरा सेकंदांहून जास्त झोप दिसली, की माणूस झोपला असं धरायचं. मग परवाना विसरायचा.

शेवटच्या मिनिटाला भावाची हनुवटी छातीला टेकली. पडद्यावरच्या दाट रेघा संथ, पसरट झाल्या.

ताईची मूठ काचेकडे गेली.

"वाजवलंत तर परीक्षाच रद्द!"

मूठ हवेतच थांबली. "ऊठ रे गाढवा," ताई ओठांतल्या ओठांत म्हणाली. "ऊठ."

भावानं दचकून मान वर केली. रेघा पुन्हा दाट झाल्या. थोड्या वेळानं फेरी संपल्याची घंटा वाजली.

"झोपला होता का गं? किती?"

"थांबा ताई. मोजू द्या."

मुलीनं मागचं पान उघडलं. रेघा जिथे संथ झाल्या तिथे एक खूण केली, जिथे पुन्हा दाट झाल्या तिथे दुसरी.

दोन खुणांमधलं अंतर: अकरा पूर्णांक चार सेकंद.