माझी शिट्टी आणि कानवाले काका

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर तुम्हाला खाऊ आठवला असेल, तर तो विचार आत्ताच सोडा. माझ्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी आहे आणि वाटाण्याएवढ्या पुर्ज्यांची दाटी आहे. एका बुटक्या, लाल, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाशेजारी माझा मुक्काम असतो. लोक गाडीच्या रंगावर भाळतात, तिला टेकून फोटो काढतात. मला कोणी विचारत नाही. पण मी ठिणगीची सोय केली नाही, तर ही महाराणी जागची हलत नाही. बढाई नाही मारत, आहे ते सांगतो.

बॅटरीकडून मला बारा व्होल्ट मिळतात. एवढ्याशा विजेनं काय होणार? मी तिला वाढवत वाढवत काही शे व्होल्टपर्यंत नेतो आणि दबा धरून बसतो. इंजिनाकडून इशारा आला रे आला, की सगळी वीज एका दमात पुढच्या कॉइलकडे सोडतो. कॉइल ती आणखी कितीतरी पटींनी वाढवते, प्लगमध्ये ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. तुमची पापणी लवेपर्यंत हा खेळ अनेकदा होऊन जातो.

आणि हे करताना मी शिट्टी वाजवतो. किल्ली फिरवली, की इंजिन सुरू व्हायच्याही आधी माझ्या पोटातली गुंडाळी थरथरते आणि बारीक, उंच, एकसुरी आवाज येतो. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या मान डोलावून म्हणाल्या होत्या, “हं, हा बोलका आहे.” तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा अभिमान आहे. का नसावा?

पहिली कितीतरी वर्षं मी मजेत घालवली. घाटाची वळणं, भल्या पहाटेचे मोकळे रस्ते, मागे पडणाऱ्या गाड्या. पहिला मालक बॉनेट उघडून माझ्यावर थाप मारायचा. मग तो थकला आणि गाडी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. उंदरांनी वायरी कुरतडल्या, माझ्या अंगावर धुळीचा थर चढला. मला फार एकटं वाटलं, हे सांगायला मी लाजत नाही. पुढे एका दातांच्या डॉक्टरबाईंनी गाडी घेतली, घासूनपुसून लख्ख केली, आणि आम्ही पुन्हा रस्त्यावर आलो.

पण गाडीला एक नवीनच खोड लागली. थंड असताना गाडी झकास चालायची आणि तापली, की भर चौकात बंद पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. नेहमीच्या मेकॅनिकनं प्लगवर खापर फोडलं, मग पेट्रोलच्या पंपावर, मग बिचाऱ्या कॉइलवर. सगळं बदलून झालं तरी गाडीचं रडगाणं चालूच. शेवटी त्यानं मला काढलं, जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि डॉक्टरबाईंच्या हातात देऊन सांगितलं, “हा कानवाल्या काकांना दाखवा.”

कानवाले काका म्हणजे माझ्यासारख्या डब्यांचे डॉक्टरच. एका गल्लीच्या टोकाला त्यांची खोली होती. भिंतीला लागून लांब टेबल, टेबलावर बॅटरी, भिंगाचा दिवा आणि पितळी टोकांमध्ये ठिणगी पाडून दाखवणारं यंत्र. काका आणि त्यांची मुलगी, दोघंच काम करायची. काकांची रीत ठरलेली होती. आधी डब्याला बॅटरी जोडायची आणि कान द्यायचा. डबा वाजला, तर पुढची तपासणी. नाही वाजला, तर ताबडतोब वीज तोडायची, कारण मुका डबा विजेवर ठेवला तर आतून जळतो. मग त्याचं पोट रिकामं करायचं आणि नवीन पुर्जे भरायचे. नुसत्या कानानं ते डब्याची नाडी ओळखत, म्हणून लोकांनी त्यांना ते नाव दिलं होतं. लांबलांबून गाड्या यायच्या त्या कानावर विसंबून.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “आत नवीन घालायचं तर खुशाल घाला, काका. मला गाडी चालायला हवी.”

काय बाई आहे, असं माझ्या मनात आलं. इतकी वर्षं राबलो, त्याचं हे बक्षीस. पण मला काळजी नव्हती. माझा आवाज खणखणीत होता.

काकांनी बॅटरी जोडली. मी सुरू झालो. असा वाजलो, की गल्लीतलं कुत्रं मान वर करून बघायला लागलं. काका वाकले, डोळे मिटले, कान माझ्याजवळ आणला. मग सरळ झाले आणि वायर काढली.

“गेलाय,” ते म्हणाले. “आवाजच नाही. कटर दे गं.”

माझी पाचावर धारण बसली. अहो काका, मी वाजत होतो. तुमच्या कानाशी वाजत होतो.

मुलगी जागची हलली नाही. तिच्या हातात कटर होता आणि ती वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. मला तेव्हाच कळलं, की हे तिला आज पहिल्यांदा दिसत नव्हतं. टेबलाखालच्या खोक्यात माझ्यासारख्यांची काढलेली पोटं पडली होती. त्यातले काही डबे तिनं स्वतः वाजताना ऐकले असणार आणि गप्प राहिली असणार. ज्या माणसाचं नावच कान आहे, त्याला कसं सांगायचं? सांगितलं तर वडील तुटणार. नाही सांगितलं तर मी कापला जाणार, माझ्यामागून आणखी कोणी, आणि एके दिवशी एखादं गिऱ्हाईक चारचौघांत त्यांचं हसं करणार.

“बाबा, थांबा जरा,” ती म्हणाली. “हा वाजतोय.”

“वाजतोय? मी काय झोपलोय का इथे?”

“तसं नाही हो.”

“तुझ्या जन्माआधीपासून हे डबे ऐकतोय मी.”

तिनं वाद घातला नाही. कटर खाली ठेवला, मला बॅटरी जोडली, ठिणगीच्या यंत्राच्या वायरी लावल्या आणि बटण दाबलं. पितळी टोकांमध्ये निळी ठिणगी तडतडू लागली. मुका डबा असं करूच शकत नाही, हे काकांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? त्यांनी ठिणगीकडे पाहिलं, मग पुन्हा वाकून माझ्या झाकणावर कान टेकला. बराच वेळ तसेच राहिले. मी जीव तोडून वाजत होतो, आणि त्या कानात काहीही पोचत नव्हतं. मला त्यांच्यासाठी रडू आलं असतं, पण आमच्या जातीला ती सोय नाही.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“मागच्या थंडीपासून असावं.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“धीरच झाला नाही, बाबा.”

काका स्टुलावर बसले. खोक्याकडे पाहिलं. “त्यातले चांगले किती होते?”

“काही होते,” ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, आता हा माणूस दुकान बंद करून घरी जाणार. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मग कामाचं बोलायला लागले: “शिट्टी आहे म्हणतेस ना? मग पुढचा, वीज वाढवणारा भाग शाबूत आहे. तापल्यावर मरतो, म्हणजे दोष मागच्या, वीज सोडणाऱ्या भागात. ड्रायर आण.”

केस वाळवायच्या ड्रायरनं तिनं मला तापवलं. थोड्या वेळानं ठिणगी अडखळली आणि थांबली.

“शिट्टी?”

“चालू आहे, बाबा.”

“मग एखादा टाका उललाय. गार असताना चिकटतो, तापला की सुटतो. भिंग इकडे कर.”

माझ्या पोटात, एका कोपऱ्यातल्या पुर्ज्याच्या पायाशी, सोल्डरच्या टाक्याला केसासारखी चीर होती. काकांच्या चष्म्याला ती आधी सापडली. तिनं टाका नव्यानं दिला. पुन्हा ड्रायर, पुन्हा तापणं. ठिणगी अडखळली नाही. माझा जीव भांड्यात पडला. त्याच आठवड्यात आम्ही चढावाच्या रस्त्यावर जाऊन आलो, भर उन्हात, कुठेही न थांबता.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. मला गाडीत बसवायला बापलेक दोघंही आली होती. डॉक्टरबाईंनी किल्ली फिरवली आणि शेजारी त्यांचा मित्र उभा होता, त्याला कौतुकानं म्हणाल्या, “आता बघ हं, काका नुसतं ऐकून सांगतील कसा आहे ते.”

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांना मान डोलवून ‘छान’ म्हणता आलं असतं, कोणाला काही कळलं नसतं.

“मला आता हा आवाज ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “हिला येतो. हिला विचारा.”

मित्रांनो, मी खूप रस्ते पाहिले, मोठमोठ्या गाड्या मागे टाकल्या, पण एवढ्या हिमतीचं काम मी कधी पाहिलं नव्हतं. मुलगी वाकली, नीट ऐकलं आणि म्हणाली, “एकदम ठणठणीत.”

तर आता माझी विनंती ऐका. आम्हा जुन्या डब्यांना कापण्याआधी नीट तपासा, हे तर आहेच. पण तुमचे कान कोवळे आहेत. घरातल्या मोठ्यांना जे ऐकू येईनासं झालंय, ते तुम्हाला ऐकू येतं. दाराची बेल, कुकरची शिट्टी, फोनवरचं एखादं वाक्य. ते त्यांना सांगा. हसून नाही, ओरडून नाही, आणि चारचौघांत तर नाहीच. शेजारी जाऊन बसा आणि सांगा. आणि उशीर करू नका, कारण तुम्ही गप्प राहिलात तर ते एकटेच चुकत राहतात.