विश्वनाथरावांचे हृदय आणि मोरावळ्याची बरणी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि छातीवर हात ठेवा. तिथे मुठीएवढा एक कामकरी राबतो आहे आणि त्याला आजवर एकही सुट्टी मिळालेली नाही, अशी कल्पना करा. मी तसेच एक जुने हृदय आहे, अठ्ठावन्न वर्षांचे. माझे धनी विश्वनाथराव. आणि आज मी रागावलेले आहे!

माझ्या पेशींत प्रथिनांचे जाड आणि बारीक धागे आहेत. कॅल्शियमचा इशारा आला की जाड धागे बारीक धाग्यांना धरून ओढतात. मग मी आवळले जाते आणि रक्त पुढे ढकलते. देशाच्या राजधानीत, करोल बागेत राहत असताना विश्वनाथराव तीन जिने धावत चढत आणि म्हणत, "माझं हार्ट घोड्याचं आहे!" माझे कौतुक झाले ते तेवढेच.

सत्त्याण्णव साली त्यांनी राजधानीतल्याच द्वारका भागात नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर घर घेतले. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. बाल्कनी मात्र होती, आणि तिथे सिगारेटी वाढल्या. त्या धुराने माझ्यात ऑक्सिजनचे उनाड रेणू माजले. कापलेले सफरचंद हवेने काळवंडते ना? तसे हे रेणू माझ्या धाग्यांना डसतात आणि त्यांची घडण बिघडवतात. मग इशारा येऊनही धाग्यांना पुरता जोर लावता येत नाही. थोडीफार मोडतोड मी स्वतः दुरुस्त करते. पण दुरुस्ती होते न होते तोच पुढची काडी पेटते!

यावर विश्वनाथरावांचा उपाय ऐका. आवळा औषधी, म्हणून दर सिगारेटमागे मोरावळ्याची एक फोड! वर स्वतःशीच म्हणायचे, "फिटंफाट!" अहो, असा चमचाभर पाकाने माझा घाव भरतो का?

अखेर बरणी रिकामी झाली. विश्वनाथरावांच्या पत्नी पद्मजाआजींनी नऊ वर्षांच्या नातीला, इशिताला धारेवर धरले.

"वर्षाचा मोरावळा महिन्यात फस्त? खादाड कुठली!"

"मी नाही खाल्ला, यार!"

"यार? आजी आहे मी तुझी!"

विश्वनाथराव वर्तमानपत्राआड लपले. मी धडधडून निषेध केला. त्यांनी पान उलटले.

त्याच संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन ते इशिताबरोबर जिना चढत होते. तिसऱ्या मजल्यावर माझा जोर संपला. ते घामाघूम होऊन पायरीवर बसले. इशिताने त्यांच्या छातीला कान लावला.

"आजोबा, हे किती फास्ट चाललंय!"

"दम लागला गं. सिगारेट... आणि तो मोरावळा मीच खाल्ला. आजीला सांगू नकोस हं, बाळा."

मित्रांनो, ज्याच्या जिवावर जगायचे त्याला धुरात कोंडायचे आणि आळ लेकरावर येऊ द्यायचा! मला मोरावळा नको, शाबासकी नको. तो धूर तेवढा थांबवा.

इशिताने आजोबांच्या खिशातले सिगारेटचे पाकीट काढले आणि धावत घरी गेली. ते रिकाम्या बरणीत टाकून तिने झाकण घट्ट लावले, बरणी आजीसमोर ठेवली आणि म्हणाली, "आजी, चोर तिसऱ्या मजल्यावर बसलाय. आधी डॉक्टरांना फोन कर. मग ओरड."