शिट्टीची चिठ्ठी

मी तिसरीच्या वर्गातला पत्र्याचा डबा. तोंड एवढं मोठं, पण झाकण घट्ट, त्यामुळे वर्षभर गप्पच बसावं लागतं. आज उघडं राहिलंय, तर घडाघडा बोलून घेतो.

जन्माने मी बिस्किटांचा. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली आणि आमच्या वर्गाच्या बाईंच्या आईने माझ्यात बटणं, सुया, रिळं भरली. पुढे बाई नोकरीला लागल्या आणि मला शाळेत घेऊन आल्या. तेव्हापासून माझं काम एकच, तेही वर्षातून एक दिवस. शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी 'ओळखा पाहू' खेळायचं. प्रत्येकाने चिठ्ठीवर स्वतःबद्दल तीन गोष्टी लिहायच्या, नाव लिहायचं नाही, आणि चिठ्ठी माझ्या पोटात टाकायची. बाई एकेक वाचतात, वर्ग ओळखतो. जो बरोबर ओळखेल, तो आठवडाभर त्या मुलाशेजारी बसणार. असा नियमच आहे. बाकी वर्षभर मी कपाटावर धूळ खात पडतो. माझी आठवण काढतं कोण!

तर त्या वर्षीची गोष्ट. वर्ग भरायच्या आधी एक बाबा मुलीला घेऊन दारात आले. मुलगी त्यांच्या मागे लपलेली.

"बाई, हिची ही तिसरी शाळा," ते हळूच म्हणाले. "माझी बदली होत राहते. मागच्या शाळेत हिच्याशी कोणी बोलतच नव्हतं. आजही तसंच झालं तर उद्यापासून येणार नाही म्हणते. हट्टी आहे हो, खरंच यायची नाही."

"बघू या," बाई म्हणाल्या.

बाकीची मुलं पहिलीपासून एकत्र. त्यांतला एक नंबरचा बडबड्या म्हणजे वकील. कशावरही वाद घालायचा, म्हणून हे नाव. खेळ सुरू झाला. धडाधड नावं ओळखली जात होती. मग बाईंनी एक चिठ्ठी वाचली, "मला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवता येते. माझे पुढचे दोन दात पडलेत. मला कुत्र्यांची भीती वाटत नाही, कोंबड्यांची वाटते."

"वकील! वकील!" सगळा वर्ग ओरडला. दात त्याचेही पडले होते आणि असले उद्योग दुसरं कोण करणार?

अहो, चिठ्ठी नव्या मुलीची! तिने ती माझ्या पोटात टाकली, तेव्हाच मी पाहून ठेवली होती. पण वकील ऐटीत उठला. "हो, मीच!" आपली चिठ्ठी अजून डब्यात आहे, याचा पठ्ठ्याला विसरच पडला. नवी अर्धवट उठली आणि परत खाली बसली. मी कितीही चडफडलो तरी पत्रा तो पत्राच.

शेवटी एक चिठ्ठी उरली आणि एक मुलगी उरली. "हिचीच असणार," कोणीतरी कंटाळून म्हणालं. नवीने दप्तर मांडीवर ओढून घेतलं होतं. उद्याचं काय ते मला तेव्हाच कळलं.

बाईंनी वाचलं, "मी वादात कधी हरत नाही. दुसरीच्या बाई माझ्या अक्षराला मुंग्या म्हणायच्या. मला शिट्टी वाजवता येत नाही."

सगळ्या माना वकिलाकडे वळल्या. बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "अरे वकीलसाहेब, मग मघाची चिठ्ठी कोणाची?"

वकिलाचे कान लालबुंद झाले. "बाई, मी खोटं बोललो. सगळे माझंच नाव घेत होते, मग मला नाही म्हणवेना." तो मागे वळला. "ती हिची आहे. ए, तुला खरंच येते शिट्टी?"

नवीने मान डोलावली.

"मग वाजव की!"

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी दार लावून घेतलं. आणि काय सांगू, अशी शिट्टी वाजली की माझं झाकण थरथरलं, खिडकीतली कबुतरं उडाली आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. मुलं तिच्याभोवती गोळा झाली. "मला शिकव! आधी मला!"

"बाजूला व्हा," वकील म्हणाला. "मी ओळखलं, मी शेजारी बसणार. नियम म्हणजे नियम!"

दुसऱ्या दिवशी घंटा झाली तरी तिची जागा रिकामी. मी कपाटावरून दाराकडे टक लावून होतो. वकील दोनदा खिडकीशी जाऊन आला. इतक्यात फाटकातून ती शिट्टी ऐकू आली. उशीर झाला म्हणून धावत येता येता वाजवत होती, लबाड!

आता मी कडेने गंजलोय, झाकणही वाकडं झालंय. माझी विनंती एवढीच, कोणाची चिठ्ठी वाचलीत तर ओठावर आलेलं पहिलं नाव लगेच घेऊ नका. ज्याचं नाव कोणीच घेत नाही, त्याच्याकडे एकदा बघा.

ती दोघं आता वरच्या वर्गात आहेत. मधल्या सुट्टीत रोज मैदानातून एक खणखणीत शिट्टी येते आणि तिच्यामागून एक 'फुस्स'. अजून जमत नाही बिचाऱ्याला. पण ती रोज शिकवते.