पांढरीचं नाक

देवरावांनी गाडीला नाक बसवायला घेतलं, तेव्हा भद्रावतीच्या कॉलनीत सगळ्यांना वाटलं, रिटायर झाल्यावर माणसाचं असंच होत असावं.

गाडी जुनीपुराणी, रंगानं पांढरी, म्हणून घरात तिचं नाव पांढरी. त्यांची लेक संघप्रिया जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी आली पांढरीतून, आणि नोकरीला परगावी निघाली तीही पांढरीतूनच स्टेशनावर गेली. पण अलीकडे चढ आला की पांढरीला धाप लागायची. मागच्या खेपेला तर देवरावांच्या बायकोला, गिरजाबाईंना, नवं पातळ खोचून गाडी ढकलावी लागली.

"आता आयका," गिरजाबाईंनी ठणकावलं. "आयतवारी माह्या माहेरी जायचं हाये. वाटंत एकदा जरी थांबली, तर भंगारवाल्याले फोन लागला म्हनून समजा."

बायको बोलली की करणारच, हे देवराव पुरतं ओळखून होते. जन्मभर मशिनींत हात घातलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडून निदान केलं. बिचारी आपल्याच पोटातली गरम हवा ओढते, दम कुठून येणार? थंड हवा मिळाली की बघा!

लागले कामाला. नळाच्या कामातून उरलेला पीव्हीसीचा तुकडा, दोन क्लॅम्प आणि एक लवचीक पाईप. एक टोक एअर फिल्टरच्या तोंडाला, दुसरं पार खाली बंपरखाली, कारण खाली हवा गार. झालं पांढरीचं नाक. लवचीक पाईप कुठून आला, ते दुसऱ्या दिवशी कळलं. कपडे धुवायच्या मशीनचं पाणी घरभर फिरलं आणि गिरजाबाई पदर खोचून पायरीवर बसल्या. नंतर दोन दिवस अबोला.

रविवारी मात्र पांढरीनं कमाल केली. जंगलातला तो मेला चढ ती गुरगुरत सरसर चढली. देवराव तर गाणंच म्हणायला लागले. गिरजाबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण मांडीवरची बोटं ठेका धरत होती.

नागभीडपासून थोडं पुढे माहेरच्या गावाची शीव लागली. तिथं अर्ध्या रस्त्यावर लाखोळीच्या डाळीचं वाळलेलं पीक पसरलेलं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात, दरसालचीच रीत. कडेला काठी घेऊन गिरजाबाईंचा धाकटा भाऊ सोमाजी उभा.

"जय भीम, भाऊजी! सकाळपासून एक मोटार नाई फिरकली. मारा ना दोन-चार चकरा!"

साळ्यानं सांगावं आणि जावयानं नाही म्हणावं? देवराव चेवात आले. गेले, आले, पुन्हा गेले. तिथल्या तिथं मागेपुढे करताना धुरळा नुसता उडत होता. आणि एकाएकी पांढरी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

देवरावांचे डोळे भरून आले. साळ्यासमोर रडायचं तरी कसं? त्यांनी किल्ली काढून बायकोच्या हातात ठेवली.

"लाव फोन," ते म्हणाले.

गिरजाबाई खाली उतरल्या, बंपरपाशी वाकल्या आणि पाईपात हात घातला. मूठभर कुटार निघालं, लाखोळीचा सगळा भुसा.

"नाकात कुटार गेलं तर मानसालेबी ठसका लागते!" त्या म्हणाल्या. "पाहून काय राह्यले? तुमचा तो फिल्टर झाडा!"

देवराव लगबगीनं बॉनेटकडे धावले. तोवर गिरजाबाईंनी भाचरांसाठी आणलेली संत्री सोमाजीच्या दुपट्ट्यात ओतली, रिकामी जाळीची पिशवी चौपदरी केली आणि पाईपाच्या तोंडाला करकचून बांधली.

गिरजाबाईंनी किल्ली नवऱ्याच्या हातात परत दिली. किल्ली फिरली. पांढरी गुरगुरली. सोमाजीनं काठी हवेत नाचवली.

"आन् फोन?" देवरावांनी चाचरत विचारलं.

"कायचा फोन? गाडी थांबली कुठी? माह्या भावाच्या खळ्यावर कामाले लागली हाये!" गिरजाबाईंनी संत्रं सोललं आणि एक फोड नवऱ्याच्या तोंडात घातली. "चाला, ते पल्लीकडची बाजू राह्यली हाये."

देवरावांना हसू आवरेना. पलीकडच्या कडेची लाखोळी रगडून झाल्यावर गिरजाबाईंनी वाकून आपल्याच मशीनच्या पाईपाकडे एकदा पाहिलं.

"घरी नवा पाईप आना," त्या म्हणाल्या. "हा तिलेच राहू द्या."