दम मोजणारी सायकल

मी एक जुनी सायकल आहे. पण मित्रांनो, मी आजवर हातभरही पुढे गेलेली नाही. मला एकच जड चाक आहे आणि तेही जमिनीला टेकत नाही. त्याच्याभोवतीचा पट्टा आवळला, की पायडल मारणाऱ्याला धाप लागते. ती धाप मोजण्यासाठीच माझा जन्म झाला.

मला बनवून घेतले डॉ. कोकिळा गव्हाणे यांनी. त्या मूळच्या पिंगळीच्या. माणसाचे हृदय, फुप्फुसे, स्नायू कसे काम करतात, हे त्या कॉलेजात शिकवत. कष्टांविषयी पुस्तकांतले बहुतेक आकडे थंड देशांतल्या पुरुषांचे होते. उन्हात ऊस तोडून मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईचे हृदय किती धावते, हे त्यांना कुठेच सापडेना. मग त्यांनी मला जीपमध्ये घातले आणि जिथून माणसे ऊसतोडीला जातात त्या चारठाणा गावी आणले. प्रयोगशाळाच गावात आणणारी बाई तिथे आधी कुणी पाहिली नव्हती.

गावाने मला पाहिले ते डोळे बारीक करूनच. तोंडाला लावायचा मुखवटा, त्याला नळी, नळीच्या टोकाला रबरी पिशवी. बाई लोकांचा दम पिशवीत भरून नेते, अशी कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, ही साखर कारखान्याचीच बाई असणार.

त्यातच मुकादम तात्याराव आला. ऊसतोडीच्या टोळ्या तोच नेत असे. कोण लवकर थकतो ते मला सांगा, म्हणजे त्याला नेणार नाही, असे तो डॉक्टरबाईंना गोडीगुलाबीने म्हणाला. डॉक्टरबाईंनी साफ नकार दिला. पण बाहेरच्यांना दिसले ते एवढेच, की तात्याराव हसत हसत बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कुणी फिरकले नाही. टोळ्या निघायला थोडेच दिवस उरले होते.

मग दरवर्षी ऊसतोडीला जाणारी चतुराबाई आली. तिच्यामागे आणखी बायका होत्या. तिने मला हातही लावला नाही.

"आमच्या छातीतलं कुणासाठी मोजायलाव?" तिने विचारले.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले, कुणाचेच नाव बाहेर जाणार नाही असा शब्द दिला. चतुराबाईने माझ्याकडे बोट दाखवले.

"आधी तुमी बसा."

डॉक्टरबाईंनी ठोके मोजणाऱ्या तारा छातीला लावून घेतल्या. मग त्या माझ्यावर बसल्या. मदतनीस प्रियांका समोरच्या पडद्यावर ठोके पाहत होती. थोड्याच वेळात तिचा चेहरा उतरला.

"बाई, उतरा. ठोके चुकताहेत," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिला तेच मोठ्याने सांगायला लावले. मग खाली उतरून त्यांनी बायकांना सगळे सांगितले. हे दुखणे त्यांना आधीपासून ठाऊक होते. कॉलेजात कळले, तर गावोगाव फिरणे बंद होईल आणि काम अर्धवट राहील, म्हणून त्या गप्प होत्या.

चतुराबाईने त्यांना धरून बाकावर बसवले, पाणी दिले.

"तुमचं दुखणं आमाला कळलं," ती म्हणाली. "आता आमचं तुमाला कळू द्या. भाईर कुणीच बोलायचं न्हाई."

तिने पदर खोचला आणि माझ्यावर बसली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. हंगाम संपवून परतल्यावरही त्या आल्या.

पुढे मोठ्या शहरातल्या विद्वानांनीही माझ्यावर संशय घेतला. बाईमाणसाचे हृदय इतके काम करते, हे त्यांना पटेना. मला उघडून तपासले गेले. मी खरी निघाले. त्यानंतर उसाच्या काही फडांवर दुपारी सावलीतली विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी सुरू झाले. सगळीकडे नाही. चारठाण्याच्या बायकांची नावे मात्र आजपर्यंत कुणाला कळलेली नाहीत.

डॉक्टरबाई आता घरीच असतात. प्रियांका लहानशी नवी यंत्रे घेऊन गावोगाव हिंडते. मी कॉलेजच्या कोपऱ्यात उभी आहे. माझा पट्टा विरला आहे, मुले माझ्यावर दप्तरे अडकवतात. मधूनमधून चाकाला तेल घातले, तर बरे वाटेल.

पण मित्रांनो, माझे मागणे वेगळेच आहे. उद्या तुम्ही शिकाल, कुणाचे रक्त, कुणाचा श्वास मोजायला जाल. समोरच्याने संशयाने पाहिले, हे कुणाला सांगणार असे विचारले, तर रागावू नका. ज्याचे घर त्याच्या अंगमेहनतीवर चालते, त्याने एवढे विचारलेच पाहिजे.