सिर्क्काच्या छातीतला डाग

त्या रविवारी कामगार भवनात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर उणे वीस अंश, आत ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास. बसथांब्यावरसुद्धा दोन हात अंतर राखून उभे राहणारे आम्ही फिनलंडचे लोक, पण तिथे खांद्याला खांदा लावून बसलो होतो. माझ्या मते चमत्कार काय तो तेवढाच.

व्यासपीठावर बंधू उर्हो होते. हे गृहस्थ पूर्वी दारोदार शिलाई यंत्रं विकत. आता नुसता हात ठेवून रोग काढत. आतून दिवा लावलेल्या काचेवर त्यांनी छातीच्या दोन क्ष-किरण फिल्म लावल्या होत्या.

"पहिलीत फुप्फुसाच्या टोकाला हा पांढरा डाग बघा," ते म्हणाले. "सात रविवार मी सिर्क्काताईंच्या खांद्यावर हात ठेवला. औषधाचा एक थेंब नाही. आणि ही दुसरी."

दुसरीत डाग नव्हता. शेजारी उभी असलेली सिर्क्का वेणीचं टोक चाळवत रडत होती.

माझ्या घरमालकीणबाई आउलिक्कींनी माझी बाही घट्ट धरली. पानगळीपासून त्यांना खोकला होता, दोनदा रुमालावर रक्त आलं होतं. गुरुवारी इस्पितळात छातीची तपासणी होती, पण यंत्राचे किरण आणि आपला हात एका शरीरात नांदत नाहीत, असं उर्होंनी बजावलं होतं. इस्पितळाचं पत्र साखरेच्या भांड्याखाली पालथं पडलं होतं.

मी लांब उत्तरेकडून या गावी क्ष-किरण तंत्रज्ञाचं शिक्षण घ्यायला आले होते. सहा महिने आम्ही दोघी एका छपराखाली राहत होतो आणि वेगवेगळ्या वेळी जेवत होतो. बोलणं झालंच तर बर्फ किती पडला एवढंच. तपासणीला जाच, असं मी आदल्या दिवशी सांगून पाहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "उर्हो माझा हात दहा मिनिटं हातात धरतो, केर्टू. माझा नवरा एइनो गेल्यापासून या हाताला कुणी हात लावलेला नाही." मीही कधी लावला नव्हता.

आता मी तो डाग नीट पाहिला. तो फुप्फुसात थांबत नव्हता. गळ्याच्या हाडावरून थेट मानेपर्यंत चढत होता. फुप्फुस तिथपर्यंत नसतंच. असा डाग मला चांगलाच ठाऊक होता. पहिल्याच सत्रात एका बाईंची जाड, ओली वेणी बाजूला घ्यायला मी विसरले, तिचा पांढरा डाग उमटला आणि फिल्म वाया गेली. आमच्या शिक्षिका हान्नेलेबाईंनी त्यावरचं नाव कापून ती वर्गात टांगली आणि खाली लिहिलं, 'केर्टूने शोधलेला नवा रोग'. महिनाभर पोरं मला डॉक्टर म्हणत होती.

वर्गात कधी तोंड न उघडणारी मी उभी राहिले. दोन्ही फिल्मच्या कोपऱ्यांवर काळी पट्टी कशाला, असं मी विचारलं.

"बहिणीचं नाव झाकायला, पोरी," उर्हो गोड हसले. "दुखणेकऱ्याची अब्रू जपावी लागते. ते तुमच्या यंत्राला नाही कळायचं."

"नावाखाली तारीख आणि वेळही असते," मी म्हटलं.

तेवढ्यात सिर्क्काच पुढे झाली. "माझंच नाव आहे, मला कसली लाज?" असं म्हणत तिने नखाने दोन्ही पट्ट्या सोलल्या आणि भाबडेपणाने मोठ्याने वाचलं: पहिली तीन नोव्हेंबर, नऊ वाजून दहा मिनिटं, दुसरी तीन नोव्हेंबर, नऊ वाजून एकवीस.

सात रविवार अकरा मिनिटांत बसले होते.

मधल्या वेळात काय झालं, असं मी तिला विचारलं.

"इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, वेणी पुढे आली, वर बांधा. मग परत फोटो काढला. मी दोन्ही मागून आणले." ती उर्होंकडे वळली. "तुम्ही म्हणालात, वेणी ही डॉक्टरांची सबब आहे, आत रोग होता, आणि दुसऱ्या फोटोत पुढचं बरं होणं आधीच उमटलंय."

उर्हो काचेमागचा दिवा विझवायला धावले. लोकांनी कोट घातले आणि पुन्हा दोन हात अंतर राखून पांगले. सिर्क्का एकटीच फिल्म गुंडाळत राहिली. माझ्याशी कुणी बोललं नाही, आउलिक्कीसुद्धा पुढे निघून गेल्या.

घरी त्या स्वयंपाकघरात कोट न काढताच बसल्या होत्या.

"खरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण आता रविवारी मी जाऊ कुठे?"

मला फार वाईट वाटलं. मी पत्र उलटून ठेवलं आणि त्यांचा हात धरला. तो गार होता. कॉफी निवेपर्यंत आम्ही तशाच बसलो, आणि मग पहिल्यांदाच एकत्र जेवलो.

गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले. कुणी सांगण्याआधीच त्यांनी केस वर बांधले. त्यांच्या फिल्मवर डाग निघाला, लहानसा, गळ्याच्या हाडाच्या खाली. वेणी उचलून जाणारा तो नव्हता. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर आउलिक्की अकरा वर्षं जगल्या.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. दर वर्षी माझी ती वाया गेलेली फिल्म टांगते आणि सांगते: तारीख विचारा, काय झाकलंय ते विचारा, आणि विचारायला लाजू नका. मग हेही सांगते, की फोटो झाला की किरणांपासून वाचवणाऱ्या आपल्या काचेमागून बाहेर या आणि त्या माणसाचा हात क्षणभर धरा. आपण धरला नाही, तर तो धरायला कुणीतरी उर्हो टपलेलाच असतो.